पांढरी चार

आमच्या क्वार्टरमध्ये दिवसा आवाज करायला बंदी होती. बाबा रात्रपाळीहून सकाळी यायचे, पोहे खायचे, खिडकीला जाड चादर अडकवायचे आणि झोपायचे. मग घर दबक्या पावलांनी चालायचं. आई कुकर लावत नसे, डाळ पातेल्यातच शिजवायची आणि फोडणी टाकताना स्वयंपाकघराचं दार पायाने ओढून घ्यायची. देवासच्या त्या कॉलनीत सगळीच घरं अशी पाळीपाळीने झोपत असत. कोणी साताऱ्याहून आलेलं, कोणी जळगावहून, सगळे कारखान्याच्या भोंग्याला बांधलेले. भोंगा झाला की अर्धी कॉलनी चहा टाकायची आणि अर्धी पांघरूण ओढायची. अशा घरात मी गिटार शिकलो. तारांखाली बाबांचा जुना बनियन कोंबायचा, म्हणजे तार छेडली तरी नुसतं टकटक वाजे. सी, जी, डी, ई मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळण्या, मला आधी बोटांना कळले, कानांना नंतर. आज रविवारी सकाळी माझ्याकडे मुलं शिकायला येतात, त्यांच्या फोनमध्ये सूर लावून देणारं ॲप असतं, कानात हेडफोन असतात. मी त्यांनाही पहिले काही दिवस तारांखाली कापड कोंबायला लावतो. मुलं कुरकुरतात. पण माझी खात्री आहे की बोटाला आधी जागा कळली पाहिजे, मग आवाज आपोआप येतो.

गिटार माझी नव्हती, मुकेश भियाची होती; आमच्या माळव्यात भैयाला भिया म्हणतात. बसस्टँडच्या मागे त्याचं साउंडचं दुकान होतं: भोंगे, ॲम्प्लिफायर, वायरींची वेटोळी आणि लग्नाच्या हंगामात चालणारा त्याचा ऑर्केस्ट्रा. गोल चेहऱ्याचा, तोंडात कायम बडीशेप, आणि प्रत्येक गोष्ट ठामपणे सांगण्याची सवय. मी अकरावीत होतो. दुकानात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, गिटार शिकायचीय. त्याने भिंतीवरची गिटार सोडून कोपऱ्यात धूळ खात असलेलं दुसरंच वाद्य माझ्या हातात दिलं. जड, लांब मानेचं, बोटाएवढ्या जाड तारा.

"भिया, इसमें तो चार ही तार हैं."

"तो तेरी कौन-सी दस उँगलियाँ चल री हैं?" तो म्हणाला. "बेस है ये. मेरा बेसवाला इंदौर भाग गया. पहले ये बजा, फिर गिटार की बात करेंगे."

मला तो अपमान वाटला. गिटारवाला पुढे उभा राहतो, लोक त्याला बघतात. मागे खालचे सूर धरणाऱ्या बेसवाल्याला त्याची आईसुद्धा ओळखत नाही. माझा चेहरा बघून भिया मला दुकानासमोरच्या पोह्यांच्या ठेल्यावर घेऊन गेला. पितळेच्या परातीत पोह्यांचा पिवळा ढीग होता आणि परातीखाली पातेल्यात पाणी उकळत होतं. "सब लोग पोहा देखते हैं," भिया म्हणाला. "नीचे का पानी कोई नी देखता. पानी ठंडा हुआ कि पोहा सूखके कंकड़. बेस वो पानी है. समझ में आ रिया है?" मला काही समजलं नाही. मी वर जिरावण मसाला भुरभुरून पोहे खाल्ले आणि बेस चादरीत गुंडाळून सायकलवरून घरी आणला.

ॲम्प्लिफायरशिवाय बेस म्हणजे मुकाच. म्हटलं, बाबांच्या झोपेला हे बरं. पण मग आपण बरोबर वाजवतोय का, हे मलाही कळेना. एकदा चुकून वाद्याचं वरचं टोक लाकडी कपाटाला टेकलं, आणि आख्खं कपाट घुमायला लागलं. आतल्या साड्या, चादरी, मधल्या फळीवरचं स्टीलचं ताट, सगळं त्या सुरात हळूच थरथरलं. मला इतका आनंद झाला की मी वाजवतच सुटलो. पलीकडच्या खोलीतून बाबांचा झोपाळू आवाज आला, "विन्या, कपाट कण्हतंय का रे?" रात्रभर मशीनसमोर उभा राहिलेला माणूस माझ्यामुळे जागा झाला, हे मला फार लागलं. मी तसाच आहे. घरचे चेष्टा करतात की विनूला पंगतीत दुसरी जिलेबी घेतानाही माफी मागावीशी वाटते. त्या दिवशी मी बाबांना सॉरी म्हणायला गेलो तर ते कुशीवर वळत म्हणाले, "कण्हू दे. कारखान्यापेक्षा सुरात आहे."

बेसवर मी एक आकार शिकलो. सगळ्यात जाड तारेवर एक बोट ठेवायचं, तो आपला सा. शेजारच्या तारेवर त्याच घरात, म्हणजे मानेवरच्या दोन आडव्या काड्यांमधल्या त्याच जागेत, दुसरा सूर. तिथून दोन घरं पुढे तिसरा. या तीन सुरांवर भियाच्या ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी उभी राहात. हा आकार उचलून मानेवर कुठेही ठेवता येतो, बोटं तशीच राहतात, पट्टी बदलते. पुढे मला भियाने गिटारही दिली आणि मी बेसकडे पाठ फिरवली. गिटारमध्ये माझा डी सगळ्यात छान लागायचा, घंटेसारखा. एफ मात्र लागत नसे. एफमध्ये पहिल्या बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात. माझ्या बोटाखाली काही तारा बोलत, काही घशात काटा अडकल्यासारख्या खरखरत. भियाचा एफही तसाच होता, पण त्याला त्याची खंत नव्हती. "एफ छोड़," तो म्हणायचा, "एफवाला गाना अपन गाते ही नी." गायकाच्या गळ्याला काय झेपतं यावर नव्हे, भियाच्या बोटाला काय झेपतं यावर आमच्या ऑर्केस्ट्राची पट्टी ठरायची.

दुसरं घर धारला. आईची थोरली बहीण, आमची मावशी, तिथे दिलेली होती. तिच्या यजमानांचे, म्हणजे आमच्या काकांचे, आजोबा धारच्या दरबारात कारकुनीला होते. काका स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण बोलणं दरबारीच राहिलं होतं. लहान पोरालाही अहो-जाहो. "विनायकराव, घ्यावं," म्हणत माझ्या ताटात तळणीचे मोदक वाढायचे. माझं हिंदी शाळेतलं मराठी ऐकून त्यांचा चेहरा कडू व्हायचा. मावशी गायची आणि काका पेटी वाजवायचे. मंडळाच्या गणपतीत त्या दोघांचा कार्यक्रम ठरलेला असे, आणि शेवटी काकांनीच बांधलेलं गणपतीचं एक पद. प्रत्येक मे महिन्यात काका मला पेटीसमोर बसवायचे आणि मी दहा मिनिटांत पाणी प्यायच्या निमित्ताने पळायचो. पेटी म्हाताऱ्यांची, असं माझं मत होतं. पळताना मागे भाता बंद केल्याचा फुस्स आवाज यायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि अजून वाईट वाटतं.

मग काकांना पक्षाघात झाला. जीभ थोडी जड झाली, ती सुधारली. उजवा हात मात्र गेला. तो मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा. पेटीवर शालीचं आच्छादन आलं, आणि मावशीने गाणं बंद केलं. ती गाण्याबद्दल बोलतही नसे. कोणी विषय काढला तर म्हणायची, "घसा धरलाय."

त्या वर्षी गणपतीच्या आधी महिनाभर शेजारच्यांकडे आमच्यासाठी फोन आला. मी धावत गेलो. पलीकडे काका.

"विनायकराव, गिटार वाजवता म्हणे."

"थोडी थोडी सीखून राहिलोय, काका."

"शिकून राहिलात. राहा. गणपतीत मावशीला साथ करायची आहे. शेवटचं पद तेवढं. पांढरी चार. काळी चार तिला आता चढत नाही. येताय ना?"

मी हो म्हणून फोन ठेवला. पांढरी चार म्हणजे काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. इतक्या सुट्ट्यांमध्ये ज्या पेटीसमोरून पळालो तिच्याच पट्ट्यांचा हिशेब मी कुठल्या तोंडाने विचारणार? आई मात्र ऐकून पोळी लाटायची थांबली. "ताई हो म्हणाली?" तिने विचारलं. मग स्वतःशीच मान हलवली. "काकांनी हट्ट धरला असेल. हे बघ विनू, ती हो म्हणाली असली तरी मनातून नाहीच म्हणतेय. नाही म्हणायला एक कारण मिळालं की संपलं, ती पुन्हा गायची नाही. नीट तयारी करून जा."

मी भियाला गाठलं. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "सफेद चार? सीधी बात है. काली मतलब शार्प. सफेद मतलब बिना शार्प की. अब गिन. ए, बी, सी, डी. चौथा कौन?"

"डी!"

"डी," भिया म्हणाला आणि तोंडात बडीशेप टाकली.

माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला. सगळ्या जगातून काकांनी नेमका माझा घंटेसारखा डी मागितला होता! ते पद मला लहानपणापासून पाठ होतं. महिनाभर मी ते डीमध्ये घोटलं, बनियन कोंबून आणि बनियन काढून. डीवरून जी, जीवरून ए, परत डी. बाबांना झोपेतही ते पाठ झालं असावं, कारण दाढी करताना गुणगुणायला लागले. कार्यक्रमाच्या साउंडचं काम मी काकांना सांगून भियालाच मिळवून दिलं. त्याला कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राचं सामान घेऊन बदनावरला जायचंच होतं, धार वाटेत. मी आदल्या संध्याकाळी पुढे बसने गेलो, मांडीवर गिटार उभी धरून. मी इतका निर्धास्त कधीच नव्हतो.

सकाळी बैठकीत सतरंजी टाकली. मावशी न्हाऊन, केस बांधून समोर बसली. तिचे हात पदराशी चाळा करत होते. काका आरामखुर्चीत. मी डी वाजवला. काय सुंदर लागला! मावशीने सूर धरला आणि पद सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ खाली उतरते. तिथे तिचा आवाज उतरला, आणखी उतरला आणि विहिरीत सोडलेल्या दोरीसारखा संपला. पुढचे शब्द नुसते ओठांवर दिसले.

"थांबा," काका म्हणाले. "हे काय दिलंत तिला?"

"पांढरी चार."

"ही पांढरी चार?"

"डी आहे, काका."

"डी-बी मला ठाऊक नाही. ती पेटी इकडे घ्या."

मी शाल काढली. पेटी त्यांच्या मांडीशी आणली आणि भाता मी हलवला. काकांनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. "एक," ते म्हणाले आणि पट्टी दाबली. "दोन. तुम्ही आत्ता ही दिलीत. तीन." मग चौथी पांढरी पट्टी त्यांनी दाबून धरली. "ही चार."

त्या खोलीत कितीतरी दिवसांनी पेटीचा सूर आला होता. मावशीने मान खाली घातली. आणि मी मनातल्या मनात मोजत होतो. पेटी एपासून सुरू होत नाही. ती सा-पासून सुरू होते, आणि त्या सा-ला गिटारवाले सी म्हणतात. सी, डी, ई, एफ. चौथा एफ. जगातल्या सगळ्या सुरांतून एफ. मी "काका, चुकलं, मोजायचं सापासून होतं," असं म्हटलं, आणि घाबरून माझी जीभ काय बोलली हे काकांच्या लक्षात आलं. "सापासून नव्हे, विनायकराव," ते म्हणाले, "सा-पासून. साप तुमच्या मराठीत शिरलाय." एरवी मावशी यावर खळखळून हसली असती.

"असू दे हो," ती हळूच म्हणाली. "महिनाभर मेहनत केलीय पोराने. मी येते खाली."

"तू का खाली यायचं?" काका ताडकन म्हणाले.

"मग राहू दे ना या वर्षी. पुढच्या वर्षी बघू."

ती उठली. आणि ओझं उतरल्यासारखी हलकेपणाने उठली. आई म्हणाली होती ते कारण, ते मी देवासहून स्वतः मांडीवर धरून आणलं होतं.

मी हार मानली नाही, इतकं सांगतो. गिटारच्या तिसऱ्या घरात काही आवळून बांधलं तर डीचेच आकार एफमध्ये वाजतात, हे मला ठाऊक होतं. आता त्यासाठी बाजारात चिमटा मिळतो, कॅपो म्हणतात. तेव्हा मी काकांची पेन्सिल घेतली आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने ती मानेवर करकचून बांधली. पहिला कॉर्ड जवळजवळ बरा लागला. दुसऱ्याला पेन्सिल सुटली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन भुट्ट्यांच्या, म्हणजे मक्याच्या कणसांच्या, टोपलीत पडली. मावशी तिथे कीस करायला भुट्टे किसत बसली होती. तिने पेन्सिल उचलून पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"माझ्यामुळे नाही म्हणतेस ना, मावशी?" मी विचारलं.

"नाही रे." किसणीचा आवाज थांबला. "सगळा जन्म मी त्यांच्या बोटांकडे बघून गाते. आता ते समोर बसणार, हात मांडीवर ठेवून, आणि त्यांच्या जागी दुसरं कोणी बसून मला सूर देणार. तूच असलास म्हणून काय झालं? त्यांना ते बघायला लावू का मी?" परत किसणी सुरू झाली. "तेच हट्ट करतायत. पण मला दिसतं ना."

परातीत भुट्ट्याचा दुधाळ कीस साचत होता आणि मी पेन्सिल हातात धरून उभा होतो.

दुपारी बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भिया उतरला, माझा चेहरा पाहिला. "क्या हुआ? मुँह क्यूँ लटका रखा है?"

"भिया, सफेद चार एफ होता है."

भियाने तोंडातली बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली. "हाँ, तो वही तो बोला था मैंने."

मला रडावं की हसावं कळेना. सगळी हकीकत सांगितली. एफ मला वाजवता येत नाही, तुलाही येत नाही, आणि मावशी गाणार नाही. तो टेम्पोत चढला, भोंगे बाजूला केले आणि चादरीत गुंडाळलेलं ते जड वाद्य बाहेर काढलं. "गिटार का एफ नी आता. बेस का तो एक उँगली का है. वही तीन घर, उठाके एफ पे रख दे."

खरंच की. बेसवरचा एफ म्हणजे सगळ्यात जाड तार, पहिलंच घर, एक बोट. शेजारी त्याच घरात दुसरा सूर, दोन घरं पुढे तिसरा. जे मी पहिल्या महिन्यात शिकलो आणि कमी प्रतीचं समजून सोडून दिलं, ते.

मी बेस घेऊन बैठकीत गेलो. काका डोळे मिटून पडले होते. ॲम्प्लिफायर अजून टेम्पोत होता. मग मला आमचं कपाट आठवलं. काकांच्या खुर्चीमागे सागवानी कपाट होतं. मी बेसचं टोक त्याला टेकवलं आणि पहिल्या घरातला एफ हळू वाजवला. कपाट घुमलं. काकांनी डोळे उघडले. डावा हात मागे नेऊन कपाटाच्या दारावर ठेवला. मी परत वाजवला.

"खर्ज आहे हा," ते म्हणाले. "पांढरी चारचा खर्ज. हा कुठे होता सकाळपासून?"

मावशी दारात आली, हातांना कीस चिकटलेला. "कपाटात काय वाजतंय?"

"पांढरी चार," काका म्हणाले. "ऐक. वाजव रे." पहिल्यांदाच त्यांनी मला अरे म्हटलं. मी तीनही सूर वाजवले. "पेटीसारखं वाटतं का?"

"छे. पेटीसारखं कुठे? हे तर जमिनीतून येतंय."

"मग झालं तर. पेटीच्या जागी कोणी बसणार नाही. पेटी तुझ्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी राहील, आणि तिच्यामागे मी. हे विनायकराव पार मागे, तळाला. तुला दिसणारसुद्धा नाहीत."

मावशीने हातांना चिकटलेला कीस निपटून काढला. मग म्हणाली, "किसाला फोडणी द्यायची राहिलीय," आणि आत गेली. आतून फोडणीच्या तडतडीबरोबर पदाची पहिली ओळ ऐकू आली. पांढरी चारमध्ये.

संध्याकाळी मंडप भरला होता. आरतीचा धूर, ओल्या सतरंज्यांचा वास, पुढे पोरांचा कलकलाट. मंचावर मावशी, तिच्या डाव्या हाताला बंद पेटी, पेटीमागे खुर्चीत काका. तबल्याला मंडळातलेच एक गृहस्थ. मी सगळ्यांच्या मागे, भोंग्याच्या आडोशाला. कोणालाही दिसत नव्हतो, आणि तेच मला सोयीचं वाटलं. मी एफ वाजवला तेव्हा माझ्या पायाखालची फळी थरथरली. मावशीच्या पाठीकडे बघत होतो, तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. दुसरी ओळ आली, जिथे सकाळी तिचा आवाज संपला होता. या वेळी तो खाली उतरला, माझ्या सुरावर टेकला आणि सहज वर निघाला. तेव्हा मला पोह्यांखालचं पाणी समजलं. मी पुढे असतो, गिटार छातीशी धरून मिरवत असतो, तर हे कधी कळलं नसतं.

आणि मग माझी चूक झाली. दुसऱ्या कडव्यात मावशीने सवयीने डावीकडे काकांच्या हाताकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. काकांची डावी बोटं बंद पेटीच्या झाकणावर चालत होती. पुरी चाल, न चुकता, उजव्या हाताची चाल डाव्या हाताने. मी बघतच राहिलो. आपण कुठल्या सुरावर आहोत हेच विसरलो. घाबरून बोट उचललं, तार मुकी झाली. तबलजींनी दचकून मागे वळून पाहिलं आणि त्यांचाही हात थांबला. मंडपात नुसता मावशीचा आवाज उरला. पोरांचा कलकलाटही थांबला. तिने श्वास घेतला, पूर्ण, घाई न करता, आणि ती ओळ एकटीने वरपर्यंत नेली, तिथे थोडी थांबली आणि परत घेऊन आली. समेवर भियाने साउंडच्या टेबलामागून हात आपटून मला इशारा केला आणि मी एफवर उतरलो.

कार्यक्रम संपल्यावर मावशीभोवती बायकांचा घोळका झाला. मी टेम्पोमागे जाऊन वायरी गुंडाळत बसलो. मन म्हणत होतं, एवढं जुळून आलं आणि मोक्याच्या जागी तूच हात सोडलास. तेवढ्यात एक पोरगा सांगत आला, काका बोलावतायत.

"दुसऱ्या कडव्यात हात उचललात," काका म्हणाले.

"चुकलं काका. विसरलो मी."

"चूक खरीच. पण पुढच्या वेळी तीच करा." ते पेटीच्या झाकणावरची धूळ डाव्या बोटाने पुसत होते. "त्या जागी मी जन्मभर पेटी भरत आलो. तिला आधार हवा असेल असं वाटायचं. तिला तिथे श्वास हवा होता. इतक्या वर्षांत बोलली नाही कधी." ते मंडपातल्या घोळक्याकडे बघत राहिले. "काय गायली हो."

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी कॉर्ड दाबायला आठवडाभरात शिकवतो. सी, डी, जी कोणालाही येतात, थोडं बोट दुखतं, घट्टे पडतात, संपलं. एफसुद्धा येतो, मलाही पुढे आला. बोट कधी उचलायचं ते शिकवायला मात्र फार वेळ लागतो. मला तर ते भीतीने आलं, त्यात माझी काही हुशारी नव्हती. आजही कोणी माझ्या बेसचं कौतुक केलं की मला आत कुठेतरी चोरी पकडल्यासारखं होतं. पण आता मी त्यांना थांबवत नाही. म्हणतो, हो, छान लागतो.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मावशीने बशीत उरलेला भुट्ट्याचा कीस वाढला, वर खोबरं आणि कोथिंबीर. बाहेर भिया बदनावरला निघायच्या घाईने हॉर्न वाजवत होता. बाहेरच्या खोलीत काका वर्तमानपत्र वाचत होते, पानांचा आवाज येत होता. मावशीने लिंबू पिळलं आणि कढईकडे वळून, पाठमोरीच म्हणाली, "विनू, पुढच्या वेळी पांढरी तीन धरू या का रे? चारला वर जरा ओढाताण होते."

बाहेरच्या पानांचा आवाज थांबला.

या वेळी मी सा-पासून मोजलं. सी, डी, ई. बेसवर ई म्हणजे सगळ्यात जाड तार, जशी आहे तशी, मोकळी. तिला बोट लावावंच लागत नाही.

"धरू या," मी म्हटलं.